मुक्या जिवाची साक्ष

पूर्वी औषधाची मात्रा ठरविताना वैद्याचा अनुभव हाच प्रमाण मानला जाई. पोटात गेलेले औषध रक्तात किती उतरले, हे कळणे कठीण होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ ई. के. मार्शल यांनी १९३७ साली सल्फानिलामाइड या नव्या औषधापुरता तो मार्ग काढला. उंदीर व कुत्रे यांना औषध देऊन त्यांनी त्याचे शोषण व उत्सर्जन मोजले. १९३९ मध्ये ब्रॅटन यांच्यासह त्यांनी ही पद्धत सुधारली. रक्तातील प्रथिने वेगळी काढून उरलेल्या द्रवात रसायने मिसळली की गुलाबी रंग उमटे. रंग जितका गडद, तितके औषध अधिक.

अशाच मोजण्यांतून एक भेद ध्यानी आला. माणसाच्या शरीरात या औषधाच्या काही भागाला ॲसिटिल गट जोडला जातो. कुत्र्याच्या शरीरात तसे घडत नाही. त्याचे कारण १९९७ साली प्रसिद्ध झाले: त्यासाठी लागणाऱ्या विकराची जनुकेच कुत्र्यांत नाहीत.

सल्फा गटातील औषधे आजही कुत्र्यांना दिली जातात. माणसाची मात्रा केवळ वजनाच्या हिशेबाने घटवून त्यांना देणे म्हणूनच धोक्याचे. औषध मानवले की नाही, हे मुक्या जिवाला सांगता येत नाही. त्याच्या रक्ताची साक्ष म्हणून मोलाची.