पुढच्यास ठेच: कॅशच्या अपघातांचा इतिहास

२००३ साली लाइव्हजर्नल या अमेरिकी संकेतस्थळाचा डेटाबेस वाचकांच्या गर्दीने मेटाकुटीला आला होता. त्याच नोंदी, त्याच मित्रयाद्या, आणि दर वेळी डेटाबेसला तोच प्रश्न. संस्थापक ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी एकदा मिळालेलं उत्तर सर्व्हरांच्या मोकळ्या मेमरीत ठेवायला सुरुवात केली. त्यातून ‘मेमकॅश्ड’ जन्माला आलं.

मूळ कल्पना जुनीच होती. संथ मेमरीपुढे छोटी, वेगवान मेमरी (आजच्या भाषेत ‘कॅश’) बसवण्याचा विचार केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडला होता. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात तो प्रत्यक्षात आला. मात्र तिथे नक्कल मूळ प्रतीशी जुळती ठेवण्याचं काम यंत्र करत होतं. वेबवर ते प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडलं.

पहिलं दुखणं शिळ्या उत्तराचं. डेटाबेसमध्ये किंमत बदलते, ग्राहकाला जुनीच दिसते. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने यासाठी ‘कॅश-कंट्रोल’, ‘एज’ आणि ‘ईटॅग’ हे हेडर दिले. पण सर्व्हरच्या पोटातल्या कॅशला हे नियम लागू नव्हते. तिथे मुदत ठरवायची किंवा नोंद बदलली की नक्कल पुसायची, एवढंच हाती होतं. त्यातही फट राहते: एकजण जुनी किंमत वाचतो, तेवढ्यात दुसरा ती बदलून नक्कल पुसतो, आणि मग पहिला आपल्या हातातली जुनी किंमत पुन्हा कॅशमध्ये ठेवतो. लॉग तपासले तर प्रत्येक पायरी बिनचूक. चुकलेला असतो तो फक्त क्रम.

दुसरं दुखणं झुंबडीचं.

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं. सेटिंग्जमधलं एक मूल्य बदललं गेलं आणि ते अवैध ठरलं. ते दुरुस्त करायला प्रत्येक सर्व्हर एकाच वेळी डेटाबेसकडे धावला. डेटाबेस कोलमडून त्रुटी परत देऊ लागला. प्रोग्रॅमने त्या त्रुटीचा अर्थ ‘मूल्य चुकलं’ असा लावला आणि कॅशमधली नोंद पुसली. त्यामुळे प्रश्न आणखी वाढले. हे चक्र तोडण्यासाठी शेवटी संकेतस्थळच बंद करावं लागलं.

कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ‘लीज’ या युक्तीचं वर्णन आहे. कॅशमध्ये उत्तर नसेल, तर डेटाबेसकडून ते आणण्याचा परवाना एकालाच मिळतो आणि बाकीचे थांबतात. मधल्या काळात नोंद पुसली गेली, तर परवानाही रद्द होतो. अशी झुंबड उडणाऱ्या नोंदींसाठी डेटाबेसवरचा सर्वोच्च भार सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला. शिळेपणाची ती फटही याच युक्तीने बुजली.

तिसरं दुखणं सर्वांत घातक, कारण त्यात काहीच बंद पडत नाही. २०१५ च्या ख्रिसमसला स्टीम या गेमविक्री केंद्रावर हल्ल्याची लाट आली. ती थोपवताना घाईने बसवलेल्या कॅशच्या नियमांनी लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानंही साठवली. जवळपास ३४,००० जणांची खासगी माहिती भलत्यांना दिसली असण्याची शक्यता निर्माण झाली. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. तिथे दोष कॅश म्हणून वापरलेल्या रेडिस या प्रणालीशी बोलणाऱ्या लायब्ररीत होता: विनंती अर्ध्यात रद्द झाली की तिचं उत्तर जोडणीत पडून राही आणि पुढच्याच्या हाती लागे.

काही बिघडलं की आधी सगळी कॅश रिकामी करायची, ही सवय आजही अनेक ठिकाणी आहे. तिने शिळं उत्तर जातं, पण पुरावाही जातो आणि वर झुंबडीला आमंत्रण मिळतं. म्हणून संशय असलेली एकच नोंद आधी वाचावी: ती कधी साठवली, तिची मुदत किती, ती ज्या नावाने साठवली त्या ‘की’मध्ये वापरकर्त्याची ओळख आहे का. डेटाबेसमधल्या मूळ उत्तराशी ती ताडून पाहावी, आणि पुसायची झाली तर तेवढीच पुसावी.