खंभात द्रोणी

पश्चिम भारतातील, भूकवच ताणले जाऊन खचलेली द्रोणी. राजस्थानातील सांचोरपासून सुरतेपर्यंत आणि पुढे खंभातच्या आखाताखाली ती पसरली आहे. पश्चिमेस सौराष्ट्र, पूर्वेस अरवली. बडोदे तिच्या पूर्व काठाजवळ आहे. मात्र तिथल्या सयाजीगंजात उभे राहून दरी शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. स्टेशन, कमाटीबाग, विश्वामित्रीचा पूल, सगळे सपाटीवर. दरी आहे ती पायाखाली, गाळाने काठोकाठ भरलेली.

भूकवच दोन्हीकडे ओढले गेले की पातळ होते. त्याचा वरचा भाग थंड व ठिसूळ असल्याने तुटतो आणि तिरक्या प्रस्तरभंगांवरून खडकांचे गट खाली घसरतात. खालचा भाग तप्त असतो, तो न तुटता लांबतो. शिळी भाकरी मोडते, मळलेली कणीक ताणली जाते, तसेच हे. पातळ झालेल्या कवचाखाली प्रावरण वर सरकते आणि उष्णता जमिनीजवळ येते. ताण थांबला तरी खचणे थांबत नाही. वर आलेले प्रावरण निवते, जड होते आणि द्रोणी सावकाश आणखी खाली बसते. भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेंझी यांनी 1978 साली हे दोन्ही टप्पे गणितात मांडले. पूर्व आफ्रिकेत पहिला टप्पा अजून चालू आहे.

खंभात द्रोणीचा तळ दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच लाव्हाचा पावागड बडोद्याच्या ईशान्येस सुमारे 800 मीटर उंच उभा आहे. भरूचच्या बाजूला मात्र हा खडक काही किलोमीटर गाळाखाली गेला आहे. खचणे म्हणजे काय, हे कुठल्याही आकृतीपेक्षा या दोन ठिकाणांवरून चांगले कळते. पावागडात उगम पावणारी विश्वामित्री सयाजीगंजाजवळून डोंगराची माती अजूनही आखाताकडे नेते आहे.

गाळातील सेंद्रिय द्रव्ययुक्त शेल, वर आलेल्या उष्णतेने तापून, तेलाचा उगम ठरला. 1958 साली खंभातजवळ लुणेज येथे आणि 1960 साली अंकलेश्वर येथे तेल सापडले. बडोद्याजवळचा कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 साली सुरू झाला. शहराच्या नैर्ऋत्येस पादरा येथे तर गाळाच्या खडकाखालच्या बेसाल्टच्या भेगांतूनही तेल निघते.