वाचकांची यादी कुणाच्या हातात? स्वतंत्र कादंबरीकार आणि पुस्तकप्रसाराचा इतिहास



या टिपणाची सुरुवात एका छोट्या प्रसंगाने करतो. रायपूरला आमच्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मराठीत कादंबरी लिहिली. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा वातावरणात वाढलेला हा मुलगा. एका प्रकाशन सेवेला पैसे भरून त्याने तीनशे प्रती छापून घेतल्या. प्रकाशनाचा छोटा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. चार महिन्यांनी तो माझ्याकडे आला तेव्हा दोनशेहून अधिक प्रती वसतिगृहातल्या पलंगाखाली होत्या. "सर, मार्केटिंग कमी पडलं," तो म्हणाला.

मी विचारले, "आजवर पुस्तक कुणी कुणी घेतलं?" हातोहात दिलेल्या प्रतींची नावे त्याने घडाघडा सांगितली. ऑनलाइन विकल्या गेलेल्या प्रतींबद्दल विचारले, तर एकही नाव सांगता येईना, आणि नेमका आकडाही त्याच्याजवळ नव्हता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझा विषय उत्पादन अभियांत्रिकी. या विषयात आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो की वस्तू तयार करणे हा अर्धा प्रश्न असतो, ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवणे हा उरलेला अर्धा. मराठी कादंबरीचा इतिहास या नजरेने वाचला की एक प्रश्न सारखा समोर येतो : वाचकांची यादी आणि प्रतींचा हिशेब कुणाच्या हातात आहे? याच प्रश्नाच्या आधाराने आपण तीन काळ पाहू.

१. वर्गणीदारापासून मासिकापर्यंत

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी आजच्या अर्थाने प्रकाशक हा व्यवसाय मराठीत रुजलेला नव्हता. पुस्तक काढायचे तर सरकारी शिक्षणखात्याने काही प्रती घ्याव्यात यासाठी खटपट करायची, एखाद्या संस्थानिकाचा आश्रय मिळवायचा किंवा आगाऊ वर्गणीदार जमवायचे. वर्गणीदारांची नावे पुस्तकातच छापण्याची पद्धत होती. म्हणजे पुस्तक छापून होण्याआधीच लेखकाजवळ वाचकांची यादी असे. ती लहान असे, पण नावानिशी असे.

१८६७ साली दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे मुद्रणालये आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, मुद्रक, पृष्ठे, किंमत आणि आवृत्तीच्या प्रतींची संख्या सरकारदरबारी नोंदवणे आवश्यक झाले. या नोंदींच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. सरकारचा हेतू छापखान्यांवर नजर ठेवण्याचा होता, परंतु कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे आज अभ्यासकाला कळते ते याच याद्यांमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक रा. भि. गुंजीकर यांनी आपली 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ साली याच मासिकातून वाचकांपुढे आणली. मराठीतील ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. संपादक आणि कादंबरीकार एकच असल्यामुळे नव्या कादंबरीसाठी नवा वाचक शोधावा लागला नाही. मासिकाचा वर्गणीदार होताच.

याच सुमारास टपालखात्यात झालेले बदलही लक्षात घ्या. १८७७ मध्ये व्ही. पी. ची सोय झाली, म्हणजे पार्सल हातात घेताना पैसे द्यायचे. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनीऑर्डर. दुकान नसलेल्या गावातला माणूस आता पुस्तक मागवू शकत होता आणि लेखकाला त्याचे पैसे मिळू शकत होते. साहित्याच्या इतिहासात या तीन सोयींचा उल्लेख फारसा होत नाही. माझ्या मते तो व्हायला हवा.

२. हरिभाऊंचे 'करमणूक'

या सर्व सोयींचा सर्वांत चांगला उपयोग केला हरि नारायण आपटे यांनी (१८६४–१९१९). त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली दुसऱ्यांच्या पत्रातून, 'पुणेवैभव'मधून, आली. पुढे १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. ते १९१७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे चालले. 'पण लक्षात कोण घेतो', 'मी', 'उषःकाल' या कादंबऱ्या त्यात क्रमशः आल्या आणि नंतर पुस्तकरूपाने निघाल्या.

त्या वेळी पुण्यात 'केसरी' (१८८१) आणि 'सुधारक' (१८८८) ही पत्रे राजकारण आणि समाजसुधारणेवर वादविवाद करत होती. हरिभाऊंनी वेगळी जागा निवडली. घरात सर्वांनी, विशेषतः नुकत्याच वाचू लागलेल्या स्त्रियांनी वाचावे असे पत्र त्यांना हवे होते. 'पण लक्षात कोण घेतो' ही यमू या मुलीने स्वतः सांगितलेली कहाणी आहे. बालविवाह, सासर, वैधव्य आणि केशवपन हे तिचे विषय. ज्या घरांत हे घडत होते, त्याच घरांत ही कादंबरी आठवड्याआठवड्याने शिरत होती.

हरिभाऊंनी कादंबरीची जाहिरात वेगळी अशी फारशी करावी लागू नये अशी रचनाच उभी केली, हे या उदाहरणातले सूत्र. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक घरी जाऊन दुसऱ्याला सांगतो. वर्गणी आधी येते, म्हणून कागद आणि छपाईचा खर्च भागतो. यादी संपादकाच्या टेबलावर असते. आणि कोणत्या विषयावर काय लिहायचे हे कुणी बाहेरचा ठरवत नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सने हाच मार्ग धरला होता. प्रकाशकांशी बिनसल्यावर १८५९ मध्ये त्याने 'ऑल द इयर राउंड' हे स्वतःच्या मालकीचे साप्ताहिक काढले आणि 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी त्याच्या पहिल्या अंकापासून सुरू केली.

मात्र एक सावधगिरीची सूचना. हरिभाऊ केवळ लेखणीवर जगत नव्हते. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांच्या स्वातंत्र्याला घरच्या आधाराचा पाया होता. हे विसरून त्यांचे उदाहरण घेतले तर निष्कर्ष चुकेल.

३. पेंड्रा ते रायपूर : यादी असून न पुरलेली

आता आमच्या भागाकडे येऊ. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यामुळे छत्तीसगडमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. मराठी घरात जन्मलेले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हिंदी पत्रकारितेचे एक संस्थापक मानले जातात. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या लहानशा गावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारी. तिघेही मराठी.

सप्र्यांनी कादंबरी लिहिली नाही. तरी नव्या पुस्तकांच्या प्रसाराच्या इतिहासात त्यांची जागा मोठी आहे, कारण या मासिकात नव्या पुस्तकांची सविस्तर परीक्षणे येत. स्तुतीची चार वाक्ये लिहून मोकळे होण्याऐवजी दोषही स्पष्ट सांगणारी परीक्षणे हिंदीत तेव्हा नवी होती. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा याच मासिकात १९०१ साली आली. हिंदीच्या पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते.

पण मासिक लिहिले जात होते पेंड्र्यात, आणि छापले जात होते आधी रायपूरला, मग नागपूरला. भोवतालच्या प्रदेशात साक्षरांची संख्या थोडी. ग्राहक होते, पण पुरेसे नव्हते आणि खर्च भरून निघत नव्हता. डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडले. तीन वर्षे. 'करमणूक'ची सत्तावीस वर्षे आणि ही तीन वर्षे शेजारी ठेवून पाहा. फरक गुणवत्तेचा नव्हता. पुण्याजवळ शाळा, छापखाने आणि वाचणारी घरे एकमेकांलगत होती, पेंड्र्याजवळ नव्हती. म्हणून पुस्तक खपले नाही की लेखकाने लगेच स्वतःला दोष देऊ नये. आधी भूगोल तपासावा.

४. यादी लेखकाकडून निघून जाते

विसाव्या शतकात प्रकाशनसंस्था उभ्या राहिल्या. निवड, संपादन, छपाई आणि वितरण त्यांनी सांभाळले. लेखकाचे मोठे ओझे उतरले. पण त्याबरोबर यादीही गेली आणि हिशेबही. किती प्रती छापल्या, किती विकल्या, हे लेखकाला प्रकाशकाच्या पत्रावरून कळू लागले.

याचे उदाहरण रायपूरमध्येच आहे. विनोद कुमार शुक्ल येथील कृषी महाविद्यालयात शिकवत. 'नौकर की कमीज' (१९७९) आणि 'दीवार में एक खिड़की रहती थी' (१९९७) या त्यांच्या कादंबऱ्या देशभर वाचल्या गेल्या. दुसरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की मानधनाच्या रूपाने हाती येणारी रक्कम फार थोडी आहे. देशभर त्यावर चर्चा झाली. त्यांना २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रायपूरच्याच एका कार्यक्रमात हिंदयुग्म या प्रकाशनाने त्यांना याच दुसऱ्या कादंबरीच्या मानधनाचा ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. कादंबरी तीच, लेखक तोच. बदलला तो प्रसार आणि हिशेब.

५. आजचा स्वतंत्र लेखक

आज मागणीनुसार एकेक प्रत छापता येते. ई-पुस्तक घरबसल्या काढता येते. उत्पादनाचा अर्धा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. पण विक्रीचे ऑनलाइन मंच लेखकाला प्रतींचा आकडा दाखवतात, वाचकाचे नाव देत नाहीत. वर्गणीदारांची यादी आता त्या मंचाकडे असते. 'करमणूक'च्या संपादकाला जे ठाऊक होते, ते आजच्या लेखकाला ठाऊक नसते.

कायद्याची बाजू मात्र लेखकाच्या बाजूची आहे. १९५७ च्या कायद्यानुसार स्वतंत्र कादंबरीचा स्वामित्वहक्क मुळात लेखकाचा असतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तो लेखी करारानेच दुसऱ्याला देता येतो. म्हणून सही करण्याआधी करार वाचावा, आणि विक्रीचा हिशेब किती दिवसांनी मिळेल हे त्यात आहे की नाही ते पाहावे.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. त्याने एक साधी वही केली. ज्यांनी पुस्तक घेतले त्यांची नावे, गावे आणि वाचून काय म्हणाले ते. मग रायपूर, भिलाई आणि बिलासपूरच्या मराठी कुटुंबांत, गणेशोत्सवाच्या मंडपात, ग्रंथालयांत तो एकेक प्रकरण वाचून दाखवू लागला. सगळ्या प्रती संपल्या असे नाही. पण पुढच्या कादंबरीचे पहिले प्रकरण कुणाला पाठवायचे, हे आता त्याला माहीत आहे. वहीत एकशे बारा नावे आहेत.

स्वाध्याय

१. 'करमणूक' आणि 'छत्तीसगढ मित्र' यांच्या आयुष्यमानातील फरकाची कारणे सांगा.
२. १८६७ च्या कायद्याखालील याद्या इतिहासाचे साधन म्हणून कशा वापरता येतील? त्यांच्या मर्यादा कोणत्या?
३. तुमच्या गावातील एखाद्या लेखकाला भेटा. त्याच्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या आणि त्या कुणाकडे गेल्या, याची एका पानात नोंद करा.