हिंगोलीची छावणी आणि हैदराबादची तिजोरी

राज्यांतील वरिष्ठ अधिकारी बिघडले म्हणजे सर्व दोष त्यांच्या लोभाला देण्याची रीत आहे. परंतु लोभ सर्वत्रच असतो. त्याला मोकळें रान कशानें मिळतें, हें इतिहासांत पाहावें लागतें.

आज स्वतंत्र जिल्हा असलेलें हिंगोली एकोणिसाव्या शतकांत निजामाच्या राज्यांत होतें. तेथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. या फौजेवर हुकूम इंग्रजांचा चाले आणि तिचा खर्च निजाम देई. खर्च करणाराला पैसा उभारावयाचा नव्हता. मग काटकसर कोणी करावी? दरबारांत दिवाण मुनीर-उल्-मुल्क नांवाचा होता. खरी सत्ता पेशकार चंदूलाल याच्या हातीं होती, व त्याची भिस्त इंग्रज रेसिडेंटावर होती. फौजेच्या खर्चाला नकार देण्याचें बळ त्याच्यापाशीं नव्हतें.

तूट भरून काढण्यास पामर आणि कंपनीची पेढी पुढें आली. ती १८१४ मध्यें हैदराबादेंत निघाली होती. देशी राजांना युरोपियनांनीं कर्ज देण्यास कायद्यानें बंदी होती. पण १८१६ मध्यें गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यानें या पेढीला सूट दिली. पुढें तिचा भागीदार म्हणून वावरलेल्या सर विल्यम रम्बोल्ड याची पत्नी हेस्टिंग्जच्याच पालकत्वाखालीं वाढलेली होती.

कर्जाचा भार अखेर रयतेवर पडे. महसूल मक्त्यानें दिला जाई. मक्तेदार दरबारांत आगाऊ रक्कम भरी. दुसऱ्यानें बोली वाढविली कीं त्याचा मक्ता जाई. उद्यांची शाश्वती नसल्यामुळें तो आजच होईल तितकें ओरबाडून घेई.

१८२० मध्यें रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफनें पेढीचे व्यवहार चव्हाट्यावर आणले. रेसिडेन्सींतील कांहीं अधिकाऱ्यांचे हितसंबंध त्या पेढींत गुंतलेले होते; म्हणजे ज्यांनीं राखण करावयाची तेच वाटेकरी झाले होते. मेटकाफनें जिल्ह्यांवर युरोपियन देखरेखदार नेमले, परंतु १८२९ नंतर नव्या निजामाच्या इच्छेवरून ते काढण्यांत आले. मक्त्याची पद्धत कायमच होती, त्यामुळें जुनी जुलूमजबरदस्ती पुन्हां वर आली. फौजेचा पगार थकत गेला आणि १८५३ मध्यें त्यापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत द्यावा लागला.

त्याच वर्षीं दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगानें मात्र पद्धतीलाच हात घातला. मक्ते मोडून त्यानें पगारी तालुकदार नेमले व १८६५ मध्यें जिल्हाबंदी केली. लांचलुचपत त्यानें समूळ गेली नाहीं. पण रयतेला लुटल्यावांचून अधिकाऱ्याला आपलें पद राखतां येऊं लागलें. माणसें बदलून जें साधलें नव्हतें, त्याची सुरुवात पदाचा लिलाव थांबल्यावर झाली.