कर्सरने कुठे थांबावे? : पोथीचा समास आणि प्रॉम्प्टची सीमा

नाटकाच्या विंगेत उभा राहून नटाला विसरलेले वाक्य हळूच सुचवणारा प्रॉम्प्टर मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. संगणकाच्या परिभाषेत ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द याच सुचवण्याच्या अर्थाने रूढ झाला. यंत्र एखादे चिन्ह किंवा ‘फाइलचे नाव :’ अशी त्रोटक पृच्छा पडद्यावर मांडून थांबते. त्यापुढे माणसाने लिहायचे. एकाच ओळीत दोघांचे शब्द शेजारीशेजारी येतात. अशा ओळीत कर्सरने, म्हणजे लिहिण्याची जागा दाखवणाऱ्या त्या लुकलुकत्या रेघेने, कुठवर जावे आणि कुठे थांबावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. आमच्या मते तो पाठसंपादनाचा फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करण्यास खानदेशाइतकी सोयीची भूमी क्वचितच आढळेल.

धुळ्याला हस्तलिखितांचे शहर म्हणता येईल. शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी १८९३ मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि रामदासी मठांतून फिरून बाडे गोळा केली. तो संग्रह आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ही बाडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. लेखनिकाच्या हातालाही कोठे जावे आणि कोठे जाऊ नये याचे नियम होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कागदाच्या चहूबाजूंनी जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मध्यभागी लिहावा, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असा व्यवहारी उपदेश समर्थ तेथे करतात. मराठीत ग्रंथाच्या प्रकरणालाही समास म्हणतात आणि पानाच्या मोकळ्या कडेलाही. येथे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

लिहिताना अक्षर गळाले तर लेखनिक त्या जागी काकपद किंवा हंसपद करी आणि गळालेला मजकूर समासात लिही. ‘येथे काही घालावयाचे आहे’ एवढेच ते चिन्ह सांगते. कर्सरही तेच सांगतो, म्हणून काकपदाला आम्ही कर्सरचा पूर्वज मानतो. फरक इतकाच की काकपद शाईचे असल्याने एकदा केले की तेथेच राहते, आणि कर्सर कोठेही धावू शकतो. धावू शकतो म्हणूनच त्याला मर्यादा घालण्याची गरज निर्माण होते.

आरंभी ही गरज नव्हती. १९७० च्या सुमारास युनिक्स ही प्रणाली घडत असताना तिच्याशी संवाद टेलिटाइप यंत्रावर, कागदावर चाले. प्रॉम्प्ट शाईने छापला जाई. त्यात मागे जाऊन फेरफार करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पडदे आले तशी अक्षरे पुसता येऊ लागली आणि सीमेचा प्रश्न उभा राहिला. ईमॅक्स या संपादक-प्रणालीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७६ मध्ये एमआयटीत तिचा उगम झाला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांची ग्नू ईमॅक्स १९८५ पासून उपलब्ध झाली. तिच्या तळाशी ‘मिनीबफर’ नावाची एक ओळ असते. प्रश्न तेथे विचारला जातो आणि उत्तरही तेथेच लिहायचे असते. दीर्घकाळ हा प्रश्न पडद्यावर नुसता दाखवला जाई. तो मजकुराचा भाग नव्हता, त्यामुळे कर्सर तेथे पोहोचूच शकत नसे.

२००१ मध्ये आलेल्या एकविसाव्या आवृत्तीत प्रॉम्प्ट प्रत्यक्ष मजकुरात दाखल झाला. परिणाम मोठा गमतीदार होता. ‘या ओळीतले सगळे म्हणजे वापरणाऱ्याचे उत्तर’ असे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या आज्ञावलींना आता उत्तरासोबत प्रश्नही मिळू लागला. केवळ उत्तर वेगळे काढून देणारी नवी सोय करावी लागली. ओळीचे ‘क्षेत्र’ पाडण्यात आले : इथवर यंत्राचे, येथून माणसाचे. ओळीच्या आरंभी नेणारी कळ दाबली की कर्सर कागदाच्या कडेपर्यंत न जाता आपल्या क्षेत्राच्या आरंभी थांबतो. एकेक शब्द मागे सरकतानाही त्याला सीमेची जाणीव राहते. प्रॉम्प्टला ‘केवळ वाचनीय’ हा गुणधर्म लावला गेला. पुढे २०१६ च्या पंचविसाव्या आवृत्तीत, कर्सरला एखाद्या मजकुरात मुक्कामच करू न देणारा स्वतंत्र गुणधर्म आला.

‘केवळ वाचनीय’ हा शब्दप्रयोग नवा असला तरी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि अखेरीस, या ग्रंथात यापुढे कोणी आपली ओवी मिसळू नये, असे कठोर शब्दांत बजावले. त्यांच्यापर्यंत आलेल्या प्रतींत नकलाकारांचे हात मिसळलेले होते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आपली प्रत प्रसिद्ध केली, ती एकनाथपूर्व पोथीवरून, असे त्यांचे म्हणणे होते. एकाने सीमा आखली, तर दुसऱ्याला त्या सीमेमागे काय होते ते पाहावेसे वाटले. दोघांनाही हवे होते ते एकच : मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळावे.

खरी अडचण मात्र सीमेच्या नेमक्या रेघेवर येते. कर्सर प्रॉम्प्टच्या शेवटच्या अक्षराला लागून उभा असताना आपण एक अक्षर उमटवले, तर ते कोणाचे? डावीकडच्या मजकुराचे गुणधर्म त्याला लागतात की उजवीकडच्या? ईमॅक्सच्या रचनाकारांनी यासाठी मजकुराच्या ‘चिकटपणा’ची संकल्पना योजली आहे. प्रॉम्प्टची मागची कड चिकट ठेवली तर आपण लिहिलेले अक्षरही प्रॉम्प्टचाच अंश बनते. ती न चिकटणारी ठेवली तर ते आपले राहते. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला यात प्रक्षेपाची प्रक्रिया दिसेल. कोणी वाचकाने समासात टीप लिहिली, पुढच्या नकलाकाराने ती गळालेली ओळ समजून मजकुरात घेतली, आणि तिसऱ्या प्रतीत ती ग्रंथकाराची झाली. येथे लबाडी कोणीच केलेली नसते. सीमेची कड चिकट होती, एवढेच. मुद्रित संपादनात पदरची अक्षरे चौकटी कंसात देण्याची शिस्त याच चिकटपणावरचा उपाय आहे.

येथून जळगावकडे वळावे लागते, कारण तेथे हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्या गात, आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ टिपून घेत. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. टिपणारे नसते तर ती उरलीच नसती. हे ऋण मोठे आहे. तरीही उच्चाराचे लिपीत रूपांतर होताना, ओळ कोठे तोडावी हे ठरताना, लिहिणाऱ्या हाताचे काही ना काही मजकुरास चिकटतेच, आणि छापील पानावर त्याची रेघ दिसत नाही.

आज जळगावच्या विद्यापीठाला (स्थापना १९९०) २०१८ पासून बहिणाबाईंचेच नाव आहे. धुळे-जळगावकडचे विद्यार्थी अहिराणीतली गाणी आणि कहाण्या टिपतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक पानावर प्रॉम्प्ट असतो : विचारणाऱ्याचा प्रश्न. ‘जात्यावर काय म्हणत होता, आजी?’ हे वाक्य आपले, पुढचे तिचे. प्रश्न गाळून केवळ उत्तर सलग लिहिले की आपण सुचवलेला शब्दही तिचा होऊन बसतो. आणि आता ‘प्रॉम्प्ट’चा अर्थच उलटला आहे : सुचवतो माणूस आणि पुढचे लिहिते यंत्र. अशा वेळी यंत्राचे वाक्य आपल्या वाक्याला सांधा न दाखवता जोडले जाते, आणि काही दिवसांनी आपल्यालाही ते वेगळे करता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. कर्सरला मोकळे फिरू द्यावे. प्रश्न वाचण्यासाठी, त्याची नक्कल करून घेण्यासाठी त्याला मागेही जाता आले पाहिजे. पण प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे ही रेघ मजकुरातच नोंदलेली असावी आणि तिची कड चिकट नसावी. आजीने ‘दयन’ म्हटले असेल तर ‘दळण’ हा आपला शब्द कंसात राहावा. पुढच्या अभ्यासकाला दोन्ही हात ओळखू आले, तर टिपणाऱ्याचे काम पुरे झाले.