बारा वर्षांची वहिवाट

बारा वर्षे कसली की जमीन आपली, अशी समजूत कोकणात गावोगाव आहे. या विषयाच्या अभ्यासात येणाऱ्याचे स्वागत करताना हीच समजूत आधी पुढे ठेवतो, कारण ती अर्धी खरी आहे. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे खासगी मालकाला जमीन परत मागायला बारा वर्षे मिळतात, सरकारला तीस. मुदत टळली की कलम २७ने मालकाचा हक्कच संपतो. मात्र ही बारा वर्षे मोजायची ती कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध आणि उघडपणे सुरू झाला तिथून. मध्ये खंड पडता कामा नये.

रत्नागिरीत मेख इथेच आहे. एक भाऊ मुंबईला चाकरमानी. दुसरा गावी राहून कलमे राखतो, गडगा घालतो, पीकपाहणीत नावही त्याचेच. तरीही सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने धरला जातो. इतरांचा हक्क उघड नाकारून त्यांना बाहेर ठेवले, हे त्याने सिद्ध करायचे. दरवर्षी वाट्याची आंब्याची पेटी धाडत होतो, ही प्रेमाची कबुली कोर्टात महागात पडू शकते! खंड भरणारे कूळही मालकी मान्य करूनच कसते. कुळांना जमिनी मिळाल्या त्या १९४८च्या कुळकायद्याने आणि १९४९च्या खोती निर्मूलन कायद्याने. मुदतीच्या जोरावर नव्हे.

हा वाद जुना आहे. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा जमीन भोगत असता वीस वर्षे गप्प राहणाऱ्याची हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगतो. त्याची स्मृती इंग्रजीत आणणारे विश्वनाथ नारायण मंडलिक याच जिल्ह्यातले, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात भोगाची चर्चा करणारे पां. वा. काणेही इथलेच. या स्मृतीचा टीकाकार विज्ञानेश्वर याने मात्र ती हानी उत्पन्नाची मानली, मालकीची नव्हे. मला त्याचीच बाजू पटते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही वहिवाटीने मालकी देणारा हा कायदा अतार्किक ठरवून सरकारला फेरविचार सुचवला. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने कब्जेदाराला या आधारावर स्वतः दावा लावण्याची मुभा दिली, आणि २०२३ साली विधी आयोगाला बदलाची गरज दिसली नाही.

वाचकाने सुरुवात सातबाऱ्यापासून करावी, पण तिथे थांबू नये. सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.