संगणककक्षातील शिस्त आणि खानदेश

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गैरप्रकारांना लागू असलेला १९८२ चा राज्य कायदा मुळात कागदी प्रश्नपत्रिकांच्या काळातला होता. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अनधिकृत प्रवेश, म्हणजे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात वा खात्यात शिरणे, हे भरपाईस पात्र कृत्य ठरवले. २००८ च्या दुरुस्तीनंतर तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. मात्र शालेय शिस्तीच्या दृष्टीने २००९ चा शिक्षणहक्क कायदा अधिक मोलाचा मानावा लागेल, कारण त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळही निषिद्ध केला, आणि त्यामुळे परवलीचा शब्द चोरणाऱ्या मुलालाही छडी मारण्याचा अधिकार शिक्षकाकडे उरला नाही.